आलिशान एसयूव्हीचे रिकॉल आणि मालकांच्या तक्रारी: गोव्यातील वाहनमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पन्नास लाखांची किंवा त्याहून महाग एसयूव्ही घेतली की पुढची काळजी कंपनीच वाहते, असा समज आपल्याकडे बराच पक्का आहे. प्रत्यक्षात रिकॉलची सूचना भलत्याच पत्त्यावर जाते, तक्रार तोंडी राहते आणि गाडी अर्धा पावसाळा सर्व्हिस सेंटरच्या आवारात उभी राहते. पुढील प्रश्न अशाच मालकांकडून पुन्हा पुन्हा येतात. उत्तरे भारतातील कायद्याला धरून दिली आहेत. परदेशातील उदाहरणे त्या त्या देशापुरतीच समजावीत.

रिकॉल म्हणजे नेमके काय? माझी तक्रार त्याहून वेगळी कशी?

एखाद्या मॉडेलच्या ठराविक काळात तयार झालेल्या गाड्यांच्या रचनेत, सुट्या भागात किंवा सॉफ्टवेअरमध्ये असा दोष आढळला, की ज्यामुळे गाडीतील माणसांना, रस्त्यावरील इतरांना किंवा पर्यावरणाला धोका पोहोचू शकतो, तर उत्पादक त्या सर्व गाड्या परत बोलावून तो दोष विनाशुल्क दूर करतो. हे रिकॉल. तुमच्या एका गाडीचा टचस्क्रीन वरचेवर बंद पडत असेल किंवा सस्पेंशन एका बाजूला बसत असेल, तर ती तक्रार झाली. तीही तितकीच खरी असू शकते, परंतु तिचा मार्ग वेगळा आहे. रिकॉलमध्ये दोष आहे हे कंपनीने किंवा सरकारने आधीच मान्य केलेले असते, त्यामुळे मालकाला फक्त आपली गाडी त्या यादीत आहे एवढेच पाहायचे असते. तक्रारीत मात्र दोष आहे हे दाखवण्याचे ओझे बहुतांशी मालकाच्या खांद्यावर येते.

या दोहोंच्या मधला एक प्रकार म्हणजे सर्व्हिस मोहीम. सुरक्षिततेशी थेट संबंध नसलेला एखादा भाग कंपनी गाडी सर्व्हिसिंगला आली की गुपचूप बदलून देते. त्यासाठी पत्र येत नाही, विचारणाऱ्यालाच कळते.

परदेशात माझ्या मॉडेलचे रिकॉल झाल्याची बातमी वाचली. माझी गाडीही त्यात येते का?

केवळ मॉडेलचे नाव सारखे आहे म्हणून येते असेही नाही आणि गाडी भारतात विकली गेली म्हणून सुटते असेही नाही. एकाच नावाची एसयूव्ही वेगवेगळ्या कारखान्यांत, वेगवेगळ्या पुरवठादारांचे भाग घेऊन तयार होते. काही गाड्या पूर्ण आयात होतात, तर काही सुट्या भागांच्या संचातून पुण्याजवळ किंवा चेन्नईत जोडल्या जातात. दोष एखाद्या पुरवठादाराच्या एका खेपेत असेल, तर ती खेप ज्या गाड्यांत गेली त्याच गाड्या रिकॉलमध्ये येतात.

उदाहरण म्हणून मार्च २०१६ मधील पोर्शे कायेन आणि फोक्सवॅगन टुआरेगचे रिकॉल पाहा. दोन्ही गाड्यांची बांधणी एकाच पायावर झालेली असल्यामुळे, पेडलच्या आधाराजवळची एक लहानशी क्लिप सैल होण्याच्या शक्यतेवरून जगभरातील मिळून सुमारे ८ लाख गाड्या एकदम तपासणीसाठी बोलावल्या गेल्या. काम अगदी थोड्या वेळाचे होते. याउलट २०१८ मध्ये बीएमडब्ल्यूच्या डिझेल गाड्यांचे रिकॉल दक्षिण कोरियातील आगीच्या घटनांपासून सुरू झाले आणि पुढे जगभरातील सुमारे १६ लाख गाड्यांपर्यंत पोहोचले. त्यात धूर थंड करून पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या कूलरमधून शीतद्रव गळत होता, तो काजळीशी मिसळत होता आणि उच्च तापमानाला पेट घेऊ शकत होता. बातमीच्या आकड्यावरून धोका मोजू नये. दोष काय आहे आणि तो कधी उद्भवतो, हे वाचावे.

आपली गाडी यादीत आहे की नाही हे कसे तपासावे?

आरसीवर सतरा अक्षरांचा आणि अंकांचा मिळून जो चॅसी नंबर असतो, तो येथे निर्णायक ठरतो. तो समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातून किंवा दाराच्या खांबावरील पट्टीवरूनही वाचता येतो. बहुतेक आलिशान ब्रँडच्या संकेतस्थळांवर हा क्रमांक घालून प्रलंबित रिकॉल पाहता येतात. वाहन उत्पादकांची संघटना सियाम हिने जुलै २०१२ पासून ऐच्छिक रिकॉलची पद्धत सुरू केली असून तिच्या संकेतस्थळावर भारतात जाहीर झालेल्या रिकॉलची नोंद मिळते.

अमेरिकेच्या महामार्ग वाहतूक सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर आपला क्रमांक घालून ‘काही सापडले नाही’ असे उत्तर आले, म्हणून निश्चिंत राहणारे बरेच जण असतात. ती सोय अमेरिकी बाजारातील गाड्यांसाठी आहे. भारतात विकलेल्या गाडीबाबत ते उत्तर निरर्थक आहे.

सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे अधिकृत सर्व्हिस सेंटरला चॅसी नंबरसह ईमेल पाठवून प्रलंबित रिकॉल व सर्व्हिस मोहिमांची यादी लेखी मागणे. फोनवर ‘काही नाही, साहेब’ असे उत्तर मिळते आणि ते देणारा ॲडव्हायझर सहा महिन्यांनी दुसऱ्या शोरूममध्ये गेलेला असतो.

गाडी जुनी घेतली आहे आणि रिकॉलचे पत्र कधीच आले नाही. असे का होते?

कारण कंपनीच्या नोंदीत अजून पहिला मालकच असतो. राजधानी परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या आलिशान एसयूव्ही निम्म्याहून कमी किमतीत इतर राज्यांत जाऊ लागल्या, आणि म्हापसा-मडगावच्या जुन्या गाड्यांच्या बाजारातही त्या दिसतात. ना हरकत दाखला येतो, वाहतूक खात्यात नोंदणी होते, जीए क्रमांक लागतो. पण कंपनीच्या संगणकात दिल्लीचा पत्ता आणि पहिल्या मालकाचा मोबाईल तसाच राहतो. सूचना तिकडेच जाते.

गाडी नावावर झाल्याबरोबर आरसीची प्रत जोडून कंपनीच्या ग्राहक विभागाला पत्ता व संपर्क बदलण्याची विनंती करावी. गाडी जुनी घेतानाच प्रलंबित रिकॉलची यादी विक्रेत्याकडून मागून घेतली, तर आणखी चांगले. आपल्याकडे आखातातून किंवा युरोपातून परतताना स्वतः गाडी आणणारेही आहेत. अशी गाडी कंपनीच्या भारतातील नोंदीत मुळात नसण्याचीच शक्यता असते, म्हणून ती जिथे पहिल्यांदा विकली गेली त्या देशातील कंपनीकडे चौकशी करावी लागते.

गोव्याच्या हवामानाचा या दोषांशी काही संबंध आहे का?

आहे, आणि या संपूर्ण पानावरील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा कदाचित हाच असेल. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस, किनाऱ्यावरून येणारी खारी हवा आणि उन्हाळ्यातील दमट उकाडा यांमुळे जे दोष कोरड्या प्रदेशात पंधरा वर्षे झोपलेले राहतात, ते येथे लवकर जागे होऊ शकतात.

पहिले उदाहरण मर्सिडीजच्या एमएल, जीएल आणि आर-क्लास या गाड्यांचे. २००४ ते २०१५ या काळात तयार झालेल्या सुमारे १० लाख गाड्या २०२२ मध्ये जगभरातून बोलावल्या गेल्या. कारण होते ब्रेक बूस्टर, म्हणजे पेडलवरील पायाचा जोर कित्येक पटींनी वाढवून ब्रेकपर्यंत नेणारा, बॉनेटखाली मागच्या भिंतीला बसवलेला धातूचा गोल डबा. या डब्यावर रबराचे एक आवरण असते. त्याच्या आत ओलावा साचून राहिला की डब्याला गंज चढतो, गंज खोलवर गेला की डब्यातून हवा गळते, आणि अगदी टोकाच्या स्थितीत पेडल आणि ब्रेक यांच्यातील जोडच तुटू शकतो. अमेरिकेत या रिकॉलमधील २,९२,२८७ गाड्यांच्या मालकांना तपासणी होईपर्यंत गाडी चालवूच नका असे सांगण्यात आले होते. पूर्वसूचना म्हणून दोन लक्षणे दिली होती: ब्रेक दाबताना हवा सुटल्यासारखा फुसफुस आवाज येणे आणि पेडलचा स्पर्श बदललेला जाणवणे.

हा दोष मेकॅनिक वरवर पाहून ओळखू शकत नाही, कारण गंज आवरणाच्या आत असतो. आवरण बाजूला सरकवून, बॅटरीच्या प्रकाशात, डब्याची कडा जिथे दुमडलेली असते तिथे पाहावे लागते. वरच्या बाजूला नुसता तांबूस पापुद्रा दिसत असताना खालच्या, पाणी साचणाऱ्या बाजूला पत्रा फुगलेला असू शकतो. त्या काळातील गाडी तुमच्याकडे असेल, तर रिकॉलची यादी येण्याची वाट न पाहता हे पाहून घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. जूनपूर्वी पाहिले तर अधिक चांगले.

दुसरे उदाहरण टाकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगचे. एअरबॅग फुगवणाऱ्या यंत्रणेत अमोनियम नायट्रेट वापरले होते. वर्षानुवर्षे उष्णता आणि दमटपणा सोसून ते बिघडते, आणि मग अपघातात एअरबॅग उघडताना धातूचा डबाच फुटून त्याचे तुकडे प्रवाशांच्या अंगावर येतात. एकट्या अमेरिकेत अशा सुमारे ६ कोटी ७० लाख यंत्रणा रिकॉलखाली आल्या आणि दुरुस्तीचा क्रम लावताना उष्ण व दमट किनारी राज्यांना मुद्दाम पहिले स्थान दिले गेले. कंपनीने जून २०१७ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. तेथील याद्यांमध्ये बीएमडब्ल्यू एक्स५ आणि मर्सिडीजच्या एमएल व जीएलसारख्या महाग गाड्याही होत्या. आपली हवा कोणत्या वर्गात मोडते हे वेगळे सांगायला नको.

पत्रात ‘गाडी चालवू नका’ किंवा ‘घराबाहेर उभी करा’ असे लिहिले आहे. हे शब्दशः घ्यावे का?

होय. उत्पादक असे शब्द सहजासहजी वापरत नाहीत, कारण त्यामुळे त्यांचाच खर्च आणि बदनामी वाढते. ‘पुढील सर्व्हिसिंगच्या वेळी दाखवा’ आणि ‘चालवू नका’ या सूचनांत फार मोठे अंतर आहे. दुसरी सूचना असेल, तर गाडी उचलून नेण्यासाठी टोइंगची व्यवस्था कंपनीनेच करावी अशी लेखी मागणी करावी. ब्रँडची अधिकृत कार्यशाळा गोव्यात नसेल आणि गाडी घाट उतरून-चढवून दुसऱ्या राज्यात न्यायची असेल, तर ही मागणी अधिकच योग्य ठरते.

बॅटरीवरील गाड्यांबाबत ‘बाहेर उभी करा’ ही सूचना आगीच्या शक्यतेमुळे येते. जग्वार आय-पेसच्या काही गाड्यांसाठी अमेरिकेत असेच सांगितले गेले आणि सोबत चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्यास सांगण्यात आले. आपल्याकडे बंगल्याचा पोर्च बहुधा झोपण्याच्या खोलीखाली किंवा तिला लागून असतो. तिथे रात्रभर चार्जिंगला लावलेली अशी गाडी म्हणजे सूचना न पाळणेच होय.

सॉफ्टवेअरचे रिकॉल म्हणजे नुसता अपडेट, मग त्याची घाई कशाला?

आता ब्रेकही सॉफ्टवेअरच्या हुकमतीखाली असतात. सप्टेंबर २०२४ मध्ये बीएमडब्ल्यूने पुरवठादाराकडून आलेल्या एकात्मिक ब्रेक यंत्रणेतील दोषामुळे सुमारे १५ लाख गाड्यांचा प्रश्न जाहीर केला. २०२५ मध्ये व्होल्वोच्या काही प्लग-इन हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत, त्यात एक्ससी९० सुद्धा होती, अमेरिकेत आढळलेला दोष तर सॉफ्टवेअरमधूनच आलेला होता. ‘बी’ मोडमध्ये (ॲक्सिलरेटर सोडताच गाडीचा वेग आपोआप कमी करणारा मोड) किंवा एकाच पेडलवर चालवण्याच्या मोडमध्ये उतारावर किमान १ मिनिट ४० सेकंद ॲक्सिलरेटर न दाबता गाडी उतरू दिल्यानंतर ब्रेक दाबला, तर तो पूर्णपणे निकामी होऊ शकत होता. सपाट रस्त्यावर असा प्रसंग क्वचितच येईल. चोर्ला किंवा अनमोड घाट उतरताना मात्र दीड-दोन मिनिटे गाडी अशी उतरू देणे ही रोजचीच गोष्ट आहे.

म्हणून दोन सवयी ठेवाव्यात. अपडेट लांबवू नये, आणि अपडेट झाल्यावर तो कोणत्या आवृत्तीचा आहे ते पडद्यावरून छायाचित्रात टिपून ठेवावे. पहिल्या घाटापूर्वी मोकळ्या रस्त्यावर कमी वेगात ब्रेक तपासून घ्यावा.

वॉरंटी संपली आहे किंवा सर्व्हिसिंग बाहेर केली आहे. तरी रिकॉलची दुरुस्ती फुकट होते का?

होते. रिकॉलचा वॉरंटीशी संबंध नाही. बाहेर सर्व्हिसिंग केली म्हणून ते नाकारता येत नाही. दुरुस्ती करताना त्याच भागाशी संबंध नसलेली इतर कामे सुचवली जातील; ती नाकारण्याचा तुम्हाला अधिकार आहे आणि ती नाकारली म्हणून रिकॉलचे काम अडवता येत नाही.

कोणत्या तक्रारी प्रत्यक्षात दोष नसून वापराचा किंवा जागेचा परिणाम असतात?

येथे मालकाची बाजू नेहमीच बरोबर असते असे म्हणता येत नाही. डिझेल गाडीतील काजळी गाळणारा फिल्टर स्वतःला साफ करण्यासाठी बराच वेळ सलग तापलेला धूर मागतो. रोज पणजी ते मिरामार एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीला तो वेळ मिळतच नाही. फिल्टर भरतो, दिवा लागतो, आणि साफसफाईचे अर्धवट प्रयत्न वारंवार झाल्याने इंजिनच्या तेलात डिझेल मिसळून तेलाची पातळी वाढते. यावर उपाय आठवड्यातून एकदा हायवेवर अर्धा तास सलग चालवणे हाच आहे. मात्र विकताना तुमचा वापर विचारून घेऊनही डीलरने डिझेलच गळ्यात मारली असेल, तर ती वेगळी तक्रार होऊ शकते आणि ती लेखी असावी.

सनरूफमधून पाणी येण्याचेही तसेच. चारही कोपऱ्यांतील पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या आंब्याच्या मोहराने किंवा पाल्यापाचोळ्याने बुजतात आणि पाणी छताच्या अस्तरातून खाली येऊन आसनाखालच्या इलेक्ट्रॉनिक पेटीपर्यंत पोहोचते. नळ्या बुजणे हा देखभालीचा प्रश्न. नळी जोडावरच सुटलेली असेल तर तो जोडणीतील दोष. उंदीर-घुशींनी वायरिंग कुरतडणे वॉरंटीत येत नाही. एअर सस्पेंशनच्या रबरी फुग्यांना वयोमानाने चिरा पडतात, हवा हळूहळू गळते आणि ती भरून काढता काढता कॉम्प्रेसर जळतो. सकाळी गाडी एका कोपऱ्यात खाली बसलेली दिसली की त्याच आठवड्यात दाखवावी. नंतर दुरुस्ती दुप्पट होते.

सर्व्हिस सेंटर दर वेळी ‘दोष आढळला नाही’ असे सांगते. काय करावे?

जॉब कार्डकडे, म्हणजे सर्व्हिस सेंटर तुमची तक्रार आणि केलेले काम ज्यावर नोंदवते त्या कागदाकडे, लक्ष द्यावे. तक्रारीचा पाया तिथे घातला जातो किंवा तिथेच खचतो. समजा, तुम्ही सांगितले की फोंड्याहून पणजीला येताना ब्रेक दाबल्यावर पेडल खोल जाते आणि फुसफुस आवाज येतो. ॲडव्हायझर संगणकावर लिहितो: ‘ब्रेक तपासणे’. चार दिवसांनी त्याच ओळीपुढे येते: ‘तपासले, ठीक आहे’. वर्षभराने ग्राहक आयोगापुढे हे कार्ड वाचणाऱ्याला तुम्ही फक्त ब्रेकची नेहमीची तपासणी मागितली होती आणि तिचे उत्तर समाधानकारक होते, असेच दिसेल.

म्हणून सही करण्यापूर्वी तुमचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्यावेत: कोणत्या वेगाला, थंड इंजिनावर की गरम, पाऊस होता की नाही, किती वेळा झाले. ते लिहिण्यास नकार मिळाला तर त्याच संध्याकाळी ईमेल पाठवावा आणि त्यात जॉब कार्डचा क्रमांक द्यावा. दोष दाखवणारे मोबाईल चित्रीकरण करताना डॅशबोर्डवरील तारीख, किलोमीटर आणि चेतावणीचे दिवे एकाच चौकटीत येतील असे पाहावे. चालवताना चित्रीकरण करू नये. शेजारी बसलेल्याला करू द्यावे. गाडी परत घेताना संगणकीय निदानाचा छापील अहवाल मागावा. तो देण्याची टाळाटाळ झाली, तर ती टाळाटाळही ईमेलमध्ये नोंदवावी.

चौथ्यांदा गाडी घेऊन जाताना मालक चिडलेला असतो आणि काउंटरवर आवाज चढतो, हे समजण्यासारखे आहे. पण पुढे कामास येतो तो कागदच.

सरकार कंपनीला रिकॉल करण्यास भाग पाडू शकते का?

शकते. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०अ आले आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. ठराविक प्रमाणात मालकांच्या तक्रारी आल्यास, चाचणी संस्थेच्या अहवालावरून किंवा अन्य मार्गाने दोष निदर्शनास आल्यास केंद्र सरकार चौकशी करून रिकॉलचा आदेश देऊ शकते. आयातदारही त्यात येतात. आदेशाने रिकॉल करावे लागले तर कंपनीला १० लाख ते १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कंपनीने दोष स्वतःहून कळवून रिकॉल केले तर हा दंड लागत नाही. बहुतेक रिकॉल ‘ऐच्छिक’ असतात याचे एक कारण हेही आहे.

मर्यादा एकच, पण मोठी: हे नियम सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांसाठी आहेत. वर सांगितलेल्या दिल्लीहून आलेल्या दहा वर्षांच्या एसयूव्हीला सक्तीच्या रिकॉलचे हे छत्र नाही. कंपनीने स्वतःहून जाहीर केलेले रिकॉल मात्र त्याहून जुन्या गाड्यांनाही लागू असू शकते.

केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या वाहन पोर्टलवर मालकांना अशी तक्रार नोंदवता येते. महाग एसयूव्ही मुळातच कमी विकल्या जातात, त्यामुळे तक्रारींची संख्या जमणे कठीण वाटते. परंतु एकाच मॉडेलच्या मालकांनी आपापल्या नावाने वेगळी तक्रार नोंदवली तरच ती मोजली जाते. व्हॉट्सॲपच्या गटातील दोनशे संदेश कोणीही मोजत नाही.

ग्राहक आयोगात जायचे तर गोव्यात कुठे?

हे गाडीसाठी दिलेल्या किमतीवर ठरते, मागितलेल्या नुकसानभरपाईवर नाही. ५० लाख रुपयांपर्यंत किंमत दिली असेल तर जिल्हा आयोग: उत्तर गोव्यासाठी पर्वरी, दक्षिण गोव्यासाठी मडगाव. ५० लाखांपेक्षा जास्त आणि २ कोटींपर्यंत असेल तर पणजीतील राज्य आयोग. त्यावरील गाड्यांसाठी थेट दिल्लीतील राष्ट्रीय आयोग. एसयूव्हीला आग लागून चालकाचा मृत्यू झालेल्या एका प्रकरणात ५० कोटींहून अधिक भरपाई मागूनही अधिकारक्षेत्र दिलेल्या किमतीवरच ठरते, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये कायम ठेवले.

गाडी मुंबईत किंवा बंगळूरमध्ये घेतली असली तरी तुम्ही गोव्यात राहत किंवा काम करत असाल तर येथेच तक्रार दाखल करता येते. ५० लाख ते १ कोटीपर्यंतच्या गाडीसाठी शुल्क २,००० रुपये आणि १ ते २ कोटींपर्यंत २,५०० रुपये आहे. गाडीच्या किमतीपुढे ते नगण्य आहे. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. ‘पुढच्या महिन्यात पार्ट येतोय’ या आश्वासनांत ती निघून जाते, म्हणून पहिल्या जॉब कार्डच्या तारखेपासूनच दिवस मोजावेत. दाखल करणे ऑनलाइनही होते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहावी. काही कंपन्या तिथल्या तिथे हलतात.

उत्पादनातील दोष सिद्ध करण्यासाठी तज्ज्ञाचा अहवाल लागतो. आयोगाला योग्य प्रयोगशाळेकडून तपासणी करून घेण्याचा अधिकार आहे आणि तशी मागणी तक्रारीतच करावी. तपासणी लागणाऱ्या प्रकरणांसाठी कायद्याने पाच महिन्यांचा अवधी सांगितला आहे. प्रत्यक्षात अधिक वेळ लागतो, याची मनाची तयारी ठेवावी.

गाडी कंपनीच्या नावावर आहे. मी ग्राहक ठरतो का?

जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मर्सिडीज गाड्यांशी संबंधित प्रकरणांत स्पष्ट केले की, कंपनीने संचालकाच्या वैयक्तिक वापरासाठी घेतलेली गाडी केवळ कंपनीच्या पैशाने घेतली म्हणून व्यापारी हेतूची ठरत नाही. त्यांपैकी एका प्रकरणात गाडीच्या मधल्या उंचवट्याचा भाग असह्य तापत असल्याची तक्रार होती, दुसऱ्यात अपघातात एअरबॅग न उघडल्याची. दोन्हींत मालकाला दिलासा मिळाला.

हॉटेलच्या पाहुण्यांना दाबोळीहून किंवा मोपाहून आणण्यासाठी घेतलेली एसयूव्ही मात्र व्यापारी वापरातच मोडण्याची शक्यता अधिक. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः टॅक्सी चालवणाऱ्याला कायद्यात सूट आहे. खाजगी पाटीची गाडी पर्यटकांना भाड्याने देण्याचा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो. तो करणाऱ्याने ग्राहक आयोगाकडून आणि विमा कंपनीकडून सहानुभूतीची अपेक्षा ठेवू नये.

अपघातात एअरबॅग उघडली नाही. हा दोषच मानला जाईल का?

आपोआप नाही. एअरबॅग धडकेची दिशा आणि जोर पाहून उघडते; मागून बसलेल्या धडकेत समोरची उघडत नाही. परंतु समोरून जबर धडक बसूनही ती उघडली नसेल, तर कंपनीने ‘वेग पुरेसा नव्हता’ म्हणून हात झटकणे पुरेसे नाही. २०२२ मध्ये ह्युंदाई क्रेटाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ग्राहकाकडून वेग आणि बलाची गणिते मांडण्याची अपेक्षा करता येत नाही असे म्हटले आणि ग्राहकाच्या बाजूचा आदेश कायम ठेवला. ती गाडी आलिशान वर्गातील नव्हती, पण तत्त्व किमतीवर बदलत नाही.

अशा वेळी गाडी लगेच दुरुस्त करू नये. एअरबॅगच्या नियंत्रण पेटीत धडकेची नोंद राहते. ती पेटी बदलली की पुरावा गेला. विमा सर्वेक्षक आणि कंपनी दोघांनाही ती जपून ठेवण्याची लेखी सूचना द्यावी.

रिकॉलकडे दुर्लक्ष केले तर विम्याचा दावा नाकारला जाईल का?

वाहन सुस्थितीत ठेवण्याची अट मोटार पॉलिसीत असते आणि लेखी सूचना मिळूनही गाडी चालवली, तर त्या अटीवर बोट ठेवण्यास विमा कंपनीला जागा मिळते. सूचना मिळाल्याची तारीख आणि तुम्ही वेळ मागितल्याची तारीख यांचे कागद जवळ असतील तर हा वाद टळतो. पावसात साचलेल्या पाण्यातून गाडी नेऊन इंजिनात पाणी शिरल्यास तो रिकॉलचा विषय नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घेतलेले असावे लागते.

गाडी बदलून किंवा पैसे परत मिळतात का?

क्वचित. दुरुस्तीने दोष जाऊ शकत असेल, तर आयोग सहसा दुरुस्ती आणि भरपाई देतो. दुरुस्ती वारंवार फसली आणि दोष मूळ उत्पादनाचाच असल्याचे तपासणीत दिसले, तरच परताव्याची वाट उघडते. अमेरिकेत जग्वारने २०१९ च्या आय-पेस गाड्या मालकांकडून परत विकत घेण्याचे ठरवले, ते दुरुस्तीचे आधीचे प्रयत्न पुरेसे न ठरल्यानंतरच. कर्ज चालू असेल तर परताव्याच्या मागणीत बँकेची बाकी रक्कम आणि भरलेले व्याज वेगवेगळे दाखवावे. नोंदणी कर आणि विमा हप्ताही मागावा. मागितला नाही तर मिळत नाही.

रिकॉल बाकी असलेली गाडी विकता येते का?

जुनी गाडी विकण्यास मनाई नाही. खरेदीदाराला लेखी सांगून, करारात तशी ओळ घालून विकावी. शक्य असल्यास काम करून घेऊन त्याचे जॉब कार्ड कागदपत्रांसोबत द्यावे. काम विनाशुल्क असते आणि भाग उपलब्ध असेल तर बहुतेक वेळा एका दिवसात होते. खरेदीदाराला कंपनीच्या नोंदीतील पत्ता बदलून घेण्यासही सांगावे.